चाळलेला पाऊस

दुपारी अचानक झाडं गप्प झाली.

मी स्वयंपाकघरात बाटली तोंडाला लावून उभी होते आणि घोट अर्ध्यावरच थांबला. काहीतरी नव्हतं. काय नव्हतं ते मात्र कळेना. फ्रिज घुंघुं करत होता, पंखा दर फेरीला तसाच लचकत होता, आतल्या खोलीत मामाचं घोरणं चालू होतं. म्हणजे सगळं जागच्या जागी होतं, आणि तरी घराची एक भिंत कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं. वटवाघळं ओरडत नव्हती. आमच्या इमारतीच्या मागे बर्फाचा बंद पडलेला कारखाना आहे, त्याच्या आवारात उंच उंच झाडं, आणि त्या झाडांना दिवसभर वटवाघळं लटकलेली असतात, बाई यायच्या आधीचा वर्ग असावा तशी: तू सरक, ही माझी जागा, तुझा पंख माझ्या तोंडात जातोय, अशी अखंड भांडणं. हा आवाज मी जन्मल्यापासून ऐकतेय, म्हणजे खरं तर ऐकतच नाही. आपलं नाक आपल्याला सतत दिसत असतं पण आपण ते बघत नाही, तसा तो आवाज. आता तो नव्हता आणि त्याच्या जागी नुसतं ऊन होतं. उन्हालाही आवाज असतो हे मला तेव्हा कळलं. बारीक, ताणलेल्या तारेसारखा, बाहेरून नाही, कानाच्या आतून येणारा.

खिडकीची कडी हाताला चटका देऊन गेली. बाहेरचं काहीच सरळ दिसत नव्हतं. कारखान्याचं पत्र्याचं छप्पर पाण्यासारखं हलत होतं, भिंत हलत होती, आणि झाडांना केस फुटले होते. खरंच, मला आधी तसंच वाटलं. रोज फांद्यांच्या टोकाला लांब लांब लटकणारी ती सगळी खाली उतरली होती, खोडाला चिकटली होती, एकावर एक, एकात एक, सावलीची जेवढी पट्टी मिळेल तेवढ्यात कोंबलेली. काळ्या पंखांच्या मधूनमधून तांबूस केसाळ माना, आणि तोंडं उघडी. एवढ्या लांबूनही मला त्या उघड्या तोंडांची धाप दिसत होती, किंवा दिसतेय असं वाटत होतं, आणि माझ्या नकळत माझा श्वासही त्याच तालावर पडायला लागला. मागच्या उन्हाळ्यात शाळेच्या मैदानावर रांगेत उभी असताना मी चक्कर येऊन पडले होते. पडायच्या आधी कशी घाई सुटते ते मला माहीत आहे. सगळं शरीर एकच गोष्ट मागतं, की कुठंतरी टेकू दे, कुणाच्याही अंगावर, कशावरही. पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या पाठीवर मी गेले होते आणि तिची पाठ माझ्यापेक्षा गरम होती.

खोडावर आली की वेळ थोडा उरला, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. प्राण्यांच्या डॉक्टर. त्या शाळेत बोलायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं की वटवाघळाला घाम येत नाही, मग ते स्वतःला गार कसं करतं. सगळा हॉल चिडीचूप. आणि त्या शांततेत एक आवाज म्हणाला, आधी पंखांनी वारा घेतात, मग स्वतःला चाटून ओलं करतात, मनगटं, पंख, सगळं. तो आवाज माझा होता. मी इकडेतिकडे पाहिलं होतं, कोण बोललं म्हणून. त्याआधी घरात माझं नाव गप्पू होतं. शाळेत तर मला नावच नव्हतं, हजेरी घेताना बाईंना मान वर करून शोधावं लागायचं. त्या दिवसापासून मामा मला भोंगा म्हणतो. आणि मला ते कुठून माहीत होतं, तर या खिडकीतून. लहानपणी मी या खिडकीकडे पाठ करून जेवायची. वटवाघळं केसात अडकतात, अंधारात डोळे ओळखतात, असं काय काय कुणीकुणी सांगितलेलं. मग एका हिवाळ्यात तापानं अंथरुणाला खिळले आणि पाठ करायची ताकदच उरली नाही, तेव्हा पाहिलं. थंडीत ती आपल्याच पंखांची घडी अंगाभोवती घालून बसतात, वरून फक्त डोळे, आजारी माणसं पांघरुणातून बघतात तसे. तीही माझ्याकडे बघत होती, मीही त्यांच्याकडे. झाडांना फुलोरा आला की पहाटे परततात तेव्हा तोंडं परागानं पिवळी, मेजवानीहून आल्यासारखी. आणि पावसाळ्यातल्या एका वादळानंतर पहाटेच्या अंधारात आवारभर पडलेली पिल्लं गोळा करायला डॉक्टर आल्या होत्या, कोपरापर्यंत जाड हातमोजे घालून. मी कुंपणाशी उभी राहिले तर म्हणाल्या, "बघायला आलीस की कामाला?" त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. "धर. हात कशालाच लावायचा नाही, फक्त उजेड लावायचा." एका पिल्लावर उजेड पडला आणि त्यानं डोळे मिटले नाहीत. तपकिरी, ओले, इतके मोठे डोळे, आणि त्यांत टॉर्च आणि टॉर्चमागे मी. मी इतकी लहान आणि इतकी स्पष्ट स्वतःला कधीच पाहिली नव्हती.

मी डॉक्टरांना फोन लावला. "मॅडम, ती खोडावर आलीत." पलीकडे गाडीचा आवाज होता. "सगळी?" "सगळी." त्यांनी गाडीचं इंजिन बंद केलं. मग म्हणाल्या, "मी नदीपलीकडच्या झाडांपाशी आहे, तिथे याहून वाईट आहे. मला संध्याकाळ होईल. नीट ऐक. पाणी. अगदी बारीक, लांबून, वरून पडल्यासारखं. झाडाखाली कुणी गर्दी करायची नाही, आरडाओरडा नाही. ती उन्हात उडाली तर संपलं. आणि पडलेल्याला उघड्या हातानं शिवायचं नाही." मी म्हटलं, "पण मॅडम, आमच्या नळाला दुपारी पाणी नसतं." "मग जिथे असेल तिथून आण," त्या म्हणाल्या, आणि फोन कट झाला. पाणी कुठे होतं ते इमारतीत सगळ्यांनाच माहीत होतं. खाली मामाचा टँकर उभा होता, काठोकाठ भरलेला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आणि मामाचा धंदा पावसाचा. सिनेमात पाऊस लागतो ना, तो मामा पाडायचा. टँकर, पंप, उंच दांडा आणि दांड्यावर भोकं पाडलेले आडवे पाइप. हल्ली पाऊस संगणकावर पडतो, त्यामुळे मामाला काम नाही. पण टँकर तो रिकामा ठेवत नाही. रिकामा ठेवला की गंजतो म्हणतो. मला वाटतं टँकरबद्दल बोलताना तो दरवेळी टँकरबद्दलच बोलत असतो असं नाही. मी आत गेले तेव्हा तो छातीवर ओला टॉवेल टाकून पडला होता आणि टॉवेल कधीचा वाळला होता. "मामा, ऊठ. पाऊस पाडायचाय." त्यानं एक डोळा उघडला. "शूटिंग कुणाचं?" "वटवाघळांचं." "मानधन काय देणार?" "मामा, मरतायत ती." तो उठून बसला, खिडकीशी आला, आणि डोळे बारीक करून बाहेर बघू लागला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं कीव असेल, पण ती कीव नव्हती, तो अंतर मोजत होता. दांडा कुठे उभा करायचा, फेक किती लागेल, वारा कुठून आहे. कितीतरी दिवसांनी मामा कशाकडे तरी बघत होता.

खाली आम्ही कापडी झाकण काढत होतो तेव्हा तळमजल्यावरचे चष्मेवाले काका छत्री उघडून बाहेर आले. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, आणि ही झाडं तोडा असं ते भेटेल त्याला सांगत असतात. "आज कुठं दौरा?" मामानं सांगितलं. काकांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली. "म्हणजे आमच्या नळाला थेंब नाही आणि त्या उलट्या लोकांना अंघोळ. वा. शॅम्पू देऊ का?" मामा पाइप जोडता जोडता म्हणाला, "काका, हे पाणी प्यायचं नाही. हे पावसाचं आहे." काका म्हणाले, "तुझ्या घराण्यात सगळेच असे आहेत की तू एकटा?" पण गेले नाहीत. उलट दांडा उभा करताना मामाचा पाय घसरला तर त्यांनीच छत्री टाकून दांडा धरला, आणि लगेच तळहाताकडे बघत राहिले. लोखंडानं भाजला होता.

मला तो क्षण पुन्हा पुन्हा थांबवता येतो. कारखान्याच्या आवाराच्या भिंतीला एका जागी खिंडार आहे, मी तिथे उभी होते. समोर झाड, इतकं जवळ की मला त्यांचा वास येत होता, गोडसर, जुन्या फळांच्या टोपलीसारखा, आणि त्याखाली भाजलेल्या केसांसारखं काहीतरी. माझ्या डोळ्यांच्या रेषेतच एक मादी होती. तिच्या पोटाला पिल्लू, पंखाच्या घडीतून त्याचं एवढंसं डोकं. ती आपलं मनगट चाटत होती, सावकाश, मग जीभ बाहेरच राहायची, मग पुन्हा आठवल्यासारखं चाटायची. जिभेवर ओल उरलीच नव्हती हे मला दिसत होतं. आणि तरी ती चाटत होती, आधी स्वतःचं मनगट, मग पिल्लाचं डोकं. मला वाटलं, मी ओरडले तर ती दचकेल, मी नाही ओरडले तर माझ्या छातीत काहीतरी फुटेल. मागे पंप सुरू झाला. मामानं नेहमीसारखा हात वर केला, कुणी दिग्दर्शक समोर असल्यासारखा, आणि पाऊस आला.

काय पाऊस होता तो. टपोरा, भरघोस, पांढरा. मामाच्या पावसात नायिका रडल्या आहेत, माणसं कायमची निघून गेली आहेत, तो बघायला थिएटरात लोक पुन्हा पुन्हा आलेले आहेत. आणि तो पाऊस खोडावर आदळला आणि झाड फुटलं. दुसरा शब्दच नाही. खोडाचा काळा गोळा एकदम हवेत उधळला, पंखांचे पंखांवर फटकारे, किंकाळ्या, आणि ती सगळी उन्हात गोल गोल, आंधळ्यासारखी, जिथे बसतील तिथून पुन्हा उडत. दोन का तीन पत्र्यावर पडली. त्या पत्र्यावर पडताना झालेला आवाज मी सांगणार नाही. माझ्या समोरची मादी उडाली तेव्हा तिच्या पोटाशी पिल्लू होतं, आणि भिंतीवरून वळली तेव्हा नव्हतं. "बंद कर," मी म्हटलं. माझा नवा आवाज निघालाच नाही, जुना निघाला. पण मामानं पाइप आधीच बंद केला होता. तो टँकरच्या शिडीवर उभा होता, अंगभर भिजलेला, आणि त्याचा वर केलेला हात तसाच वर होता. मग तो हात खाली आला आणि त्यानं शिडी धरली. "बारीक पाऊस कॅमेऱ्याला दिसत नाही गं," तो म्हणाला. "म्हणून भोकं मोठी ठेवायची असतात. मी नेहमी मोठीच ठेवतो." ते मला सांगत नव्हता. "आयुष्यभर बघणाऱ्यांसाठी पाडला मी पाऊस. भिजणाऱ्याला कसा लागतो, कुणाला विचारलं नाही."

"खडे मारल्यासारखा लागतो," मी म्हटलं.

मी हे कधी सांगितलं नव्हतं. मी अगदी लहान असताना एकदा मामा मला शूटिंगला घेऊन गेला होता आणि रस्त्यातल्या गर्दीत उभं राहायला एक मूल हवं होतं, तर मलाच उभं केलं. पाऊस सुरू झाला आणि मला कळेना की वरून काय मारतायत. डोक्यावर, पापण्यांवर, उघड्या दंडांवर. मी रडायला लागले आणि सगळ्यांना ते फार आवडलं, अशीच रड म्हणाले. मामा लांब शिडीवर उभा होता आणि त्याचा चेहरा आनंदानं इतका उजळला होता की मला वाटलं, हे मारणं नसणारच, माझंच काहीतरी चुकत असणार. मग मध्येच कुणीतरी कट म्हणून ओरडलं आणि मी पळत सुटले ते दिव्यांच्या बाजूला टांगलेल्या एका जाळीदार पडद्याखाली जाऊन बसले. पाऊस चालूच होता. तो पडद्यावर पडायचा, आणि खाली यायचा तो निराळाच होऊन यायचा. त्याला वजन नव्हतं. तो पडत नव्हता, नुसता असायचा, गालाजवळ, ओठांवर, कुणी कानाशी हळू बोलावं तसा. तिथे बसून मी जीभ बाहेर काढली होती. हे सगळं मला एका श्वासात आठवलं, जिभेसकट, आणि ज्या मुलीला तेव्हा शब्द नव्हते तिच्या वतीनं मी आता बोलले. "मामा, जाळी. भोकांपुढे जाळी बांध. चाळणी. पिठाची चाळणी." तो बघतच राहिला. "आणि तोंड झाडाकडे नको. आभाळाकडे कर. पाणी वर जाऊ दे, तिथून त्याचं त्याला खाली येऊ दे."

मग मी जिने चढले. प्रत्येक दार वाजवलं. एरवी मला मीठ मागायला पाठवलं तरी बेल दाबून पळून यायची ती मी, दारादारात उभी राहून म्हणत होते, चाळणी द्या, हो आत्ता, नाही पीठ नाही चाळायचं, पाऊस चाळायचाय. अशा वेळी लोक वेड्या माणसाचं ऐकतात. कुणी रव्याची दिली, कुणी मैद्याची, कुणी चहाची गाळणी देऊन म्हणालं ही चालेल का बघ. आमच्या घरातल्या तर मी सगळ्याच उचलल्या. खाली आले तर मामा चिंध्यांनी जुनी मच्छरदाणी पाइपाला गुंडाळत होता आणि चष्मेवाले काका भाजलेल्या हाताला रुमाल बांधून त्याला ती ताणून धरत होते. त्यांच्या काखेत एक पितळी काठाची, अगदी बारीक जाळीची चाळणी होती. "ही काकूंची आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हिला भोक पडलं तर तुमच्या त्या झाडावर मलाही जागा ठेवा."

या वेळी मामानं हात वर केला नाही. त्यानं चावी इतकी हळू फिरवली की पंपाच्या आवाजात काही फरकच पडला नाही. पाइपांची तोंडं आभाळाकडे होती. पाणी चाळण्यांतून वर गेलं आणि दिसेनासं झालं. मी वर बघत होते. काही नव्हतं, पांढरं आभाळ फक्त. मग माझ्या खालच्या ओठावर काहीतरी टेकलं. मग कपाळावर. झाडाच्या शेंड्याभोवतीची हवा किंचित राखाडी झाली, कुणी उच्छ्वास टाकल्यासारखी, आणि ती राखाडी हवा फांद्याफांद्यांतून उतरत खाली आली. जी उडाली होती त्यांतली बरीच मागच्या झाडावर जाऊन आदळली होती. ती तिथून बघत होती. खोडावर उरलेली हलली नाहीत. मला वाटलं हलणारच नाहीत, उशीर झाला. काका काहीतरी म्हणायला तोंड उघडत होते, मामानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आणि मग एका वटवाघळानं, अगदी बाहेरच्या, आपला एक पंख सोडवला. सगळा उघडला. तो इतका मोठा होता आणि इतका पातळ, की त्याच्यातून उजेड येत होता आणि उजेडात नसा दिसत होत्या, पानाच्या शिरांसारख्या, आणि त्या पडद्यावर पाणी जमत होतं, थेंबही नाही, थेंबाच्या आधीचं काहीतरी, एक ओलसर चकाकी. त्यानं मान वळवली आणि ते चाटलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, पानावरचं वाचावं तसं. मग शेजारच्यानं पंख उघडला. मग त्याच्या वरच्यानं. ते झाड, जे मघाशी फुटलं होतं, ते आता उमलायला लागलं, खालून वर, एकेक पंख, तांबूस, काळा, ओला. शेकडो तोंडं स्वतःच्या पंखांवरून पाणी पीत होती. मागच्या झाडावरची एकेक करून परत येऊन त्या राखाडी हवेत लटकायला लागली. मला वाटलं, आपण हे काय चालू केलंय. आणि लगेच वाटलं, आपण काहीच केलेलं नाही, हे सगळं त्यांच्यात आधीपासूनच होतं, पंखाचं ताट होणं, जिभेनं ऊन पुसणं. आपण फक्त वर पाणी नेऊन सोडलं. एवढ्या मोठ्या गोष्टीला आपल्याकडून हवं होतं ते इतकं बारीक. "हा कॅमेऱ्याला अजिबात दिसला नसता," मामा म्हणाला. काका चष्मा काढून पुसत होते, आणि पुसून झाल्यावरही पुसत होते.

पिल्लू मला भिंतीकडच्या गवतात दिसलं. जिवंत होतं. कारखान्याच्या सावलीत, पालथं, दोन्ही अंगठ्यांच्या नख्यांनी एक वाळकी काडी घट्ट पकडून, जणू ती काडी म्हणजे आई. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. हात कशालाच लावायचा नाही. मग मी त्याच्याशेजारी एवढंच केलं, उन्हाच्या बाजूला बसले, म्हणजे ऊन सरकत आलं तरी माझी सावली त्याच्यावर पडावी. किती वेळ गेला माहीत नाही. माझी पाठ भाजत होती, पुढून बारीक पाऊस येत होता, आणि मध्ये ते काडीला बिलगून. ते अधूनमधून एक आवाज करायचं, चिमटीत मावेल एवढा. दरवेळी मी झाडाकडे बघायची. ती मादी मला कुठे दिसत नव्हती, म्हणजे दिसत असली तरी मला ओळखता येत नव्हती, आणि या गोष्टीची मला विलक्षण लाज वाटली, की ते पिल्लू जिला हजारात ओळखेल तिला मी इतक्या जवळून पाहूनही ओळखू शकत नाही. पत्र्यावर पडलेल्यांतली ती असली तर? आमच्या पावसानं पाडलेल्यांतली? मी त्या बाजूला बघायचं टाळत होते आणि मानेला रग लागली होती.

डॉक्टर आल्या तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. त्यांच्या डोळ्यांखाली धूळ, बाह्यांवर माती. त्यांनी झाडाकडे पाहिलं, पाइपांकडे पाहिलं, पाइपांना बांधलेल्या चाळण्यांकडे पाहिलं. "हे काय आहे?" "पीठ चाळायच्या," मी म्हटलं. "ते दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि हसू आवरलं नाही म्हणून तोंड फिरवलं. मग त्या पत्र्यावर चढल्या. तिथून उतरवलेल्यांना त्यांनी कापडात गुंडाळून भिंतीच्या कडेला ठेवलं, एकाशेजारी एक, आणि मी या वेळी बघितलं. त्यांतही एक मादी होती. "नदीपलीकडे झाडाखालची जमीन दिसत नव्हती," त्या म्हणाल्या, एवढंच. पिल्लाला त्यांनी हातमोज्यातल्या हातानं काडीसकट उचललं, उलटसुलट पाहिलं, बोटानं छाती चाचपली. "ठणठणीत आहे. याला घरी नेलं तर जगेल, बाटलीनं दूध पिईल, आणि मोठं झाल्यावर स्वतःला माणूस समजेल. आधी त्याच्या आईला विचारू." "आई नसली तर?" "ते तीच सांगेल."

तेवढ्यात माझी आई आली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते, दिवसभर वाफेत उभी असते, आणि संध्याकाळी घरी येते ती शिजून निघाल्यासारखी. वर घरात जाऊन, नळाखाली डोकंही न घालता, तिनं तशीच खाली आवारात येऊन आम्हाला गाठलं, कारण जिन्यात तिला प्रत्येक दारातून कुणी ना कुणी आपली चाळणी विचारली होती. "घरात एकही चाळणी नाही," ती म्हणाली. "आणि पोरीची पाठ बघ, पापड झालाय. तू मामा आहेस की शत्रू?" मामा म्हणाला, "ताई, तिलाच विचार, मी फक्त हमाल." आईनं डॉक्टरांच्या हातातल्या त्या पिल्लाकडे पाहिलं. मग आपल्या खांद्यावरची, धुलाईखान्यातून आणलेली वेताची टोपली खाली ठेवली आणि आतले कपडे काढून मामाच्या हातात दिले. "यात ठेवा त्याला. हवा खेळते हिच्यात."

टोपली मामाच्या दांड्याच्या टोकाला बांधून वर चढवली, झाडाच्या खालच्या फांदीपाशी. पिल्लू काठाला नख्या रोवून लटकलं. पंप बंद केला आणि आम्ही भिंतीशी जाऊन बसलो, काकासुद्धा. आभाळ आधी केशरी झालं, मग जांभळं. रोज या वेळी ती निघतात. पहिली निघाली, मग एक झुंड, मग झाडामागून झाड रिकामं होऊ लागलं. डोक्यावरून पंखांचा सपसप आवाज, ओल्या केसांचा वास. सगळी नदीकडे. पिल्लू ओरडत होतं, आता चिमटीतलं नाही, सगळं अंग लावून. वरून जाणारी एकही वळत नव्हती. झाड जवळजवळ रिकामं झालं. मी भिंतीच्या कडेला गुंडाळून ठेवलेल्या कापडांकडे बघितलं, आणि माझ्या आत एक दार हळूहळू मिटायला लागलं. आईनं माझा हात धरला. तिचे हात वाफेनं नेहमी सुरकुतलेले असतात.

मग नदीच्या बाजूनं एक परत आली. ती सरळ आली नाही. टोपलीवरून गेली, वळली, पुन्हा गेली, तिच्या पोटावरचं पाणी आमच्यावर उडालं. ती नदीला पोट टेकवून आली होती. तिसऱ्या वेळी ती टोपलीच्या कडेवर उतरली तेव्हा मामाचा दांडा लवला. तिनं पिल्लाला हुंगलं. पिल्लू गप्प झालं. तिनं पुन्हा हुंगलं, डोकं, मान, पंखांच्या घड्या, जिथे जिथे हातमोजा लागला होता तिथे तिथे जरा जास्त वेळ, आणि मी मनात म्हणत होते, तो आमचा वास आहे, तेवढा सोड, तेवढा सोड. तिनं एक पंख उघडला. पिल्लू त्या पंखाखाली चढलं, तोंडानं चाचपत, आणि तिनं ते ओलं पोट त्याच्यापुढे केलं आणि ते तिच्या केसांतलं नदीचं पाणी प्यायलं. आम्ही पाच माणसं खाली बसलो होतो. त्यांतलं कुणीही तिच्या जागी असू शकलं नसतं, कुणाच्याही हाताला ते जमलं नसतं. दांडा एकदम हलका होऊन वर उसळला तेव्हाच कळलं की ती गेली. "सगळ्या येत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या, आणि उठून कापडं गोळा करायला लागल्या.

सकाळी मला करवतीसारख्या आवाजानं जाग आली. उद्या आणखी तापेल असं रात्री बातम्यांत सांगितलं होतं, आणि तो उद्या आता आला होता. खिडकीतून आत येणारं ऊन आत्ताच पांढरं होतं. मागे झाडांवर भांडणं जोरात चालू होती. मी खाली गेले. मामानं जुने पाइप बाजूला फेकले होते आणि नव्या नळीला भोकं पाडत होता, शिवणाच्या सुईएवढ्या गिरमिटानं, नाकावर काकांच्या दुकानातला एक जाडजूड भिंगाचा चष्मा. भोकांवर दुहेरी जाळी ताणलेली. चाळण्या धुऊन जिन्यात ओळीनं ठेवल्या होत्या, ज्याची त्यानं ओळखून न्यावी म्हणून. "आलीस? बरं झालं," मामा मान वर न करता म्हणाला. "उभी राहा इथं खाली. चप्पल काढ. डोळे मीट. मी सोडतो, तू सांगायचं."

मी उभी राहिले. डोळे मिटले. पापण्यांच्या आत सगळं तांबूस होतं. पंप सुरू झाला, आणि मी वाट बघू लागले, कपाळानं, दंडांनी, ओठांनी, नुसत्या कातडीनं. मग तो आला. छान होता. कालच्यापेक्षा खूपच छान, मऊ, गार; कुणालाही आवडला असता. मामा शिडीवरून माझ्या चेहऱ्याकडे बघत असणार हे मला न बघता कळत होतं. मी हात पसरले आणि मनगटं आभाळाकडे केली, आणि त्या मनगटांवर कातडीऐवजी ते पातळ, उजेड आरपार जाणारं, शिरांचं कापड असतं तर कसं लागलं असतं याचा विचार करत राहिले.

"सांग ना," मामा म्हणाला. "कसा लागतोय?"

"अजून बारीक," मी म्हटलं.